जुन्या रिव्हॉल्व्हरची दुरुस्ती : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : वडिलांचे ०.३२ बोअरचे वेब्ले (ब्रिटिश बनावटीचे रिव्हॉल्व्हर) आता वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आहे. चाप ओढल्यावर कधी घोडा पडतो, पण काडतूस उडत नाही. तेच काडतूस दुसऱ्या फटक्यात उडते. दोष काडतुसाचा की शस्त्राचा? (सातारा)

उत्तर : तेच काडतूस दुसऱ्या फटक्यात उडते, याचा अर्थ बहुधा पहिला फटका हलका बसला. क्वचित काडतुसाची टोपी (बुडाशी असलेला, फटका बसताच पेटणारा भाग) नीट बसलेली नसते आणि पहिला फटका ती आत ढकलण्यातच खर्ची पडतो. म्हणून आधी वेगळ्या खोक्यातली, अलीकडच्या उत्पादनाची काडतुसे परवानाधारक विक्रेत्याच्या देखरेखीखाली, अधिकृत रेंजवर वापरून पाहावीत. तरीही तक्रार राहिली, तर न उडालेल्या काडतुसाच्या टोपीवरचा ठसा कारागिराला दाखवावा. ठसा उथळ असेल तर मुठीतली मुख्य कमान सैल झालेली असते किंवा घोड्याचे टोक (टोपीवर आदळणारा भाग) झिजलेले असते, आणि ठसा मध्यभागी नसेल तर सिलिंडर (काडतुसे बसणारा फिरता भाग) नळीसमोर नेमके थांबत नाही, हा जास्त गंभीर दोष असतो. घोडा हाताने मागे ओढून झाडल्यास काडतूस नेहमी उडते आणि नुसत्या चापाने झाडल्यास चुकते, असे दिसले तर माझा संशय प्रथम कमानीवर जाईल, कारण चापाने झाडताना घोडा कमी अंतरावरून पडतो.

याआधी मात्र एक साधी शक्यता तपासावी. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात जमा केलेली शस्त्रे बऱ्याचदा घट्ट तेलाचा थर देऊन ठेवली जातात; तो थर आत वाळला की घोड्याची गती मंदावते. नव्या कमानीचे पैसे मोजण्यापूर्वी आतून स्वच्छता करून घ्यावी, ती स्वस्त पडते. काडतूस चुकले की लगेच सिलिंडर उघडू नये. नळी सुरक्षित दिशेला रोखून किमान ३० सेकंद थांबावे, कारण उशिरा पेट घेणारे काडतूस हातात फुटू शकते.

प्रश्न : गावातला लेथवाला चांगला कारागीर आहे. घोड्याचे टोक त्याच्याकडून करून घेतले तर काय बिघडेल? (नागपूर जिल्हा)

उत्तर : त्याचा हात कितीही चांगला असो, त्याच्याकडे अग्निशस्त्र दुरुस्तीचा परवाना नसेल तर ते काम त्याच्याकडे देऊ नये. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीच्या व्यवसायासाठीही परवाना लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतची शिक्षा आहे. तांत्रिक कारणही तितकेच खरे आहे : टोक गरजेपेक्षा लांब झाले तर टोपी भोसकली जाऊन तापलेला वायू मागे येतो, आणि पोलादाला पाणी चुकीचे दिले तर ते टोक काही फेऱ्यांत तुटते. शस्त्रावरचा क्रमांक घासून काढणे किंवा बदलणे हा वेगळा गुन्हा आहे. पॉलिश करतानाही ते अक्षर-आकडे सुरक्षित राहतील असे कारागिराला बजावून ठेवावे.

प्रश्न : मी आजारी आहे. रिव्हॉल्व्हर दुकानात माझा मुलगा नेऊ शकतो का? त्याचा स्वतःचा परवाना नाही. (सोलापूर)

उत्तर : होय. कलम ३ मध्येच तशी सवलत आहे : परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने दुसरी व्यक्ती शस्त्र दुरुस्तीसाठी नेऊ शकते. अधिकारपत्रात शस्त्राचा प्रकार, बोअर, क्रमांक, दुकानाचे नाव आणि तारीख लिहावी. सोबत परवान्याची प्रत द्यावी, शस्त्र रिकामे व बंद पेटीत असावे. काडतुसे घरीच ठेवावीत. मुलगा एकवीस वर्षांखालील असेल तर त्याला पाठवू नका. दुकानातून क्रमांकासह पावती घेतल्याशिवाय शस्त्र सोडू नये.

प्रश्न : माझ्या ०.३२ रिव्हॉल्व्हरमध्ये पिस्तुलाची ७.६५ मि.मी. काडतुसे सहज बसतात. दुकानात ती मिळाली तर वापरावीत का? सध्या सिलिंडर थोडे हलतेही. (ठाणे)

उत्तर : वापरू नयेत. बसते म्हणून चालते, हा हिशेब इथे लागू होत नाही. रिव्हॉल्व्हरच्या ०.३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग काडतुसाचा दाब अमेरिकी मानकाप्रमाणे १५,००० पीएसआयपर्यंत (दर चौरस इंचावर पौंड) असतो, तर ७.६५ मि.मी. पिस्तुलाच्या काडतुसाचा २०,५०० पर्यंत. वरून मोडून उघडणाऱ्या जुन्या चौकटीत हा फरक खटक्याच्या जोडावर येतो आणि तो जोड सैल झाला की दुरुस्ती कठीण होते. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे (शस्त्रांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे) ठसे असलेल्या रिव्हॉल्व्हरवर मुकुटाखाली ‘एनपी’ अक्षरे आहेत का, तेही पाहून घ्यावे. ती धूरविरहित दारूची चाचणी झाल्याची खूण आहे. ती नसेल तर कारागिराच्या लेखी सल्ल्याशिवाय आधुनिक काडतूस अजिबात भरू नये.

सिलिंडर हलण्याबद्दल : घोडा पूर्ण ओढून चाप दाबलेला असताना किंचित हालचाल चालते, पण गोळीचे शिसे नळीच्या मुखाशी खरवडले जात असेल, बाजूने कण उडत असतील किंवा एखादे चेंबर (सिलिंडरमधले काडतुसाचे घर) नळीच्या रेषेत येत नसेल, तर गोळीबार तत्काळ थांबवावा. सिलिंडर थांबवणाऱ्या खटक्याचे व खाचांचे काम होऊ शकते; चौकटच ताणली गेली असेल तर खर्च करू नये, असे मी सांगेन. कानपूरच्या लघु शस्त्र निर्माणीचे ०.३२ त्याच वेब्ले पद्धतीचे असले, तरी त्याचे सुटे भाग जुन्या ब्रिटिश शस्त्रात घासल्याशिवाय बसतील असे गृहीत धरू नये.

प्रश्न : घरातले एक रिव्हॉल्व्हर कित्येक वर्षे बंद पडले आहे. ते बिघडलेले असल्याने परवाना नूतनीकरणाची गरज नाही ना? (कोल्हापूर)

उत्तर : गरज आहे. कलम ४५ मधली सवलत फक्त अशा जुन्या किंवा नादुरुस्त शस्त्राला आहे, जे दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही. गंजलेली कमान आणि अडकलेले सिलिंडर दुरुस्त होऊ शकते, म्हणून तुमचे शस्त्र कायद्याच्या नजरेत अग्निशस्त्रच आहे. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. ती उलटून गेली असेल तर दुरुस्तीचा विचार मागे ठेवून शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, पावती घ्यावी आणि मग जिल्हा दंडाधिकारी किंवा, शहर असल्यास, पोलीस आयुक्त कार्यालयाकडे नूतनीकरणाचा अर्ज करावा. मुदत उलटलेला परवाना दाखवून कोणताही जबाबदार दुकानदार ते शस्त्र दुरुस्तीला घेणार नाही.