चोर घरात शिरेल या भीतीने उशाशी हत्यार ठेवावं का?

तुम्ही लिहिलंय की मागच्या आठवड्यात रात्री कुणीतरी तुमचं मागचं दार उचकटून पाहिलं. घरात पत्नी, दोन लहान मुलं आणि गुडघ्यांनी अधू झालेली आई आहे, तेव्हापासून झोप उडालीय आणि उशाशी हत्यार ठेवावं का, असा तुमचा प्रश्न आहे.

ठेवू नका. आमच्याकडे चोरी झाली त्यानंतर काही महिने मी लोखंडी गज जवळ घेऊन झोपायचो. एका रात्री भांडं पडल्याचा आवाज झाला आणि मी गज उगारून अंधारात स्वयंपाकघरात शिरलो. पाणी प्यायला उठलेले वडील होते. त्यांनी माझं नाव घेतलं म्हणून हात थांबला. अर्धवट झोपेत, घाबरलेल्या माणसाला घरचं कोण नि परकं कोण हे कळत नाही. शिवाय समोरच्याने हत्यार हिसकावलं तर ते आपल्यावरच उलटतं. दुसऱ्या दिवशी मी गज माळ्यावर टाकला आणि वेगळा विचार सुरू केला: चोराला आत यायला लागणारा वेळ कसा वाढेल, आणि आपली माणसं एका बंद दाराआड जायला लागणारा वेळ कसा कमी होईल.

यात दिरंगाई मात्र नको. एकदा प्रयत्न झालेल्या घरावर आणि त्याच्या शेजारच्या घरांवर पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा हल्ला होण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते. वाट कुठली, दार कसं, हे त्या माणसाने पाहून ठेवलेलं असतं. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८०च्या दशकात हेच लक्षात घेऊन आधी चोरी झालेल्या घरांवरच भर दिला गेला. तिथली कुलपं मजबूत केली, नाणी टाकून चालणारे विजेचे-गॅसचे मीटर काढले कारण चोर बरेचदा त्यातले पैसे नेत, आणि लगतच्या घरांना नजर ठेवायला सांगितलं. घरफोड्या खूपच घटल्या. म्हणून पोलिसांत तक्रार दिली नसेल तर द्या, आणि शेजाऱ्यांनाही आजच सांगा. यात संकोच कसला?

आता दार. लोक महागडं कुलूप आणतात, पण लाथ बसल्यावर बहुतेक वेळा फुटते ती चौकट. कुलपाचा दांडा ज्या पट्टीत शिरतो ती पट्टी पुष्कळदा जेमतेम दोन सेंटिमीटरच्या स्क्रूंवर उभी असते. लाकूड चिरतं आणि पट्टी निघून येते. तिथे सात-साडेसात सेंटिमीटरचे स्क्रू चौकटीतून आरपार भिंतीपर्यंत गेले पाहिजेत. मागे वीट असेल तर प्लग घालून. दांडा निदान २५ मिलिमीटर आत शिरावा. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांची खीळ ठोकून काढता येते का ते बघा. आतून आडवा अडसर लावता आला तर फारच चांगलं. दाराच्या साखळीवर मात्र विसंबू नका, एका धक्क्यात ती उखडते. सरकत्या खिडकीची झडप वर उचलून खोबणीतून काढता येते, म्हणून खाचेत मापाची काठी आडवी टाकायची आणि वरची फट भरून घ्यायची. सेन्सरवर लागणारा दिवा मागच्या बाजूला लावा. कॅमेरा नंतर घेतला तरी चालेल.

खिडक्यांना गज असतील तर एक तरी जाळी आतून उघडणारी ठेवा. किल्ली हाताशी, पण बाहेरून हात पोचणार नाही अशा जागी. घराला आग लागली तर हेच गज जिवावर येतात.

रात्रीची योजना आईपासून सुरू करा. त्यांना धावता येत नाही, तेव्हा एकत्र जमायची खोली त्यांचीच. दार भरीव, आतून दणकट कडी, तिथे कायम एक चार्जर आणि टॉर्च. तुमच्यापैकी एकाने मुलांना उचलायचं, दुसऱ्याने आपत्कालीन क्रमांक लावायचा, आणि फोनवर आधी पत्ता सांगायचा, बाकीचं मागून. कडी लावल्यावर आतूनच मोठ्याने ओरडा की पोलीस येतायत. बाहेर काय चाललंय ते बघायला जाऊ नका. पळणाऱ्याची वाट तर मुळीच अडवू नका, नेऊ दे काय न्यायचं ते.

मुलांना चोराच्या गोष्टी सांगून घाबरवायची गरज नाही. आम्ही एकच शब्द ठरवला, ‘आजोबांकडे’. तो कानावर पडला की हातातलं टाकून त्यांच्या खोलीत जायचं. दिवसाउजेडी सराव केला. पहिल्या वेळी दीड मिनिट लागलं, कारण धाकटी चपला शोधत राहिली. चौथ्या वेळी वीस सेकंदांत कडी लागली होती.