लेसरचं पॅकेज घेण्याआधी डागातला केस बघा

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी १९ वर्षांची आहे, कॉलेजला जाते. दीड वर्षापूर्वी तिच्या गालावर कानापाशी पांढरा डाग आला, नंतर हाताच्या बोटांच्या टोकांवर पण आले. डॉक्टरांनी कोड सांगितलं. मलमं लावून झाली, फार फरक नाही. आता एका क्लिनिकमध्ये ३० सिटिंगचं लेसर पॅकेज घ्या, पैसे आधी भरा, १०० टक्के गॅरंटी असं म्हणतायत. सासूबाई म्हणतात मासे खाऊन वर दूध प्यायली त्याचं हे. काय करू? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं. मासे-दुधाचा याच्याशी काही संबंध नाही, दही लिंबू चिंच पण बंद करू नका, पोरीचं जेवण उगाच बेचव होतं बाकी काही नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून आपल्या रंग बनवणाऱ्या पेशींवर उठते, म्हणून तिथली कातडी पांढरी पडते. हे लागण होणारं नाही आणि महारोगाशी तर याचं लांबचंही नातं नाही. थायरॉइडची तपासणी मात्र करून घ्या, कारण कोडाबरोबर थायरॉइडचा त्रास बऱ्याच जणांना असतो.

आता लेसर. कोडासाठी वापरतात तो एक्सायमर लेसर, त्याचा किरण ३०८ नॅनोमीटरचा, म्हणजे उन्हात असतो तसलाच अतिनील किरण, फक्त एकाच मापाचा आणि नेमका डागावर टाकता येणारा. तो दोन कामं करतो, तिथे हल्ला करणाऱ्या पेशींना शांत करतो आणि केसांच्या मुळाशी ज्या रंगाच्या पेशी राखीव असतात त्यांना वर यायला लावतो. सगळी मेख या केसांच्या मुळातच आहे बघा. म्हणून पैसे भरायच्या आधी एक करा, दिवसा खिडकीपाशी बसून भिंगातून तिच्या गालावरच्या डागातली लव बघा. लव काळी असेल तर मुळाशी रंग शिल्लक आहे, आशा चांगली. पांढरी झाली असेल तर लेसरला रंग आणायला जागाच फारशी उरलेली नसते. आणि बोटांच्या टोकांवर तर केसच नसतात, त्यामुळे तिथे लेसर फार कमी चालतो, हे पॅकेजवाल्यांनी तुम्हाला सांगितलं का? ओठ, बोटं, पावलं ही अवघड ठिकाणं, चेहरा आणि मान सोपी. १०० टक्के गॅरंटी म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की गॅरंटी गालाची का बोटांची.

सिटिंग साधारण आठवड्यातून दोन, सलग दोन दिवस कधीच नाही. सुरुवात कमी डोसने, मग हळूहळू वाढवत जायचं, दुसऱ्या दिवशी डाग जरा गुलाबी दिसला तर ठीक, फोड आला तर डोस जास्त झाला, लगेच डॉक्टरांना दाखवायचं. डोळ्यांवर गॉगल पाहिजेच. रंग परत येतो तो एकदम भरून येत नाही, आधी डागात मोहरीएवढे तपकिरी ठिपके दिसतात आणि मग ते पसरत एकमेकांना मिळतात. १०-१२ सिटिंगमध्ये एकही ठिपका दिसला नाही तर पुढचे पैसे का भरायचे याचा विचार करावा, म्हणून मी तर म्हणते सिटिंगमागे पैसे द्या, आणि पहिल्या दिवशी खिडकीपाशी त्याच उजेडात फोटो काढून ठेवा नाहीतर फरक पडला का नाही यावरून घरात भांडणं होतात. लेसरबरोबर टॅक्रोलिमस मलम दिलं तर चेहऱ्यावर एकट्या लेसरपेक्षा जास्त गुण येतो, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

डाग अंगभर असते तर मी लेसर म्हटलंच नसतं. बोटांसकट आपला तळहात म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का, तसे १० तळहात भरतील एवढे डाग असले की नॅरोबँडची पेटी, म्हणजे आत उभं राहून अंगभर अतिनील किरण घ्यायची पेटी, परवडते आणि सोयीची पण पडते. तुमच्या मुलीला तेवढी गरज दिसत नाही. बोटांचं नंतर बघू, वर्षभर नवीन डाग आला नाही तर कातडी किंवा पेशी बसवायचं ऑपरेशन असतं, पण बोटांना तेही जरा हट्टीच जातं. आणि हो, रंग आल्यावर उपचार एकदम सोडला की काहींना डाग परत येतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

प्रश्न : मला हनुवटीखाली कोड आहे. पार्लरमध्ये केस काढायचा लेसर स्वस्तात आहे, तोही लेसरच ना, चालेल का? – अकोला

उत्तर : नको बाई! तो वेगळा, हा वेगळा, नाव फक्त सारखं. तो केसांच्या मुळावरच घाव घालतो, म्हणजे रंग परत यायची वाटच बंद. शिवाय कोड असणाऱ्यांना जिथे भाजतं, खरचटतं, घासतं तिथे नवा डाग उठू शकतो. टिकली लावता का तेही बघा, तिच्या डिंकातल्या रसायनाने काहींना कपाळावर असाच पांढरा गोल पडतो, तसं जाणवलं तर टिकली काढा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.