तिसऱ्यांदा फॉरमॅट करू नका, आधी बायोसमध्ये अर्धा तास ठेवून बघा

तुम्ही सांगितलंत ते असं: पुण्यात धायरीला घरी सहा वर्षांपूर्वी असेंबल केलेला आय-फाइव्ह प्रोसेसरचा कॉम्प्युटर आहे, वीस-पंचवीस मिनिटांत आपोआप रीस्टार्ट होतो, दोनदा फॉरमॅट झाला, दुकानदार पुन्हा फॉरमॅट करू म्हणतोय आणि मुलीचं सबमिशन आठवड्यावर आलंय. तिच्या फायली आज रात्रीच पेनड्राइव्हवर घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

फॉरमॅटचा उपयोग आहे की नाही हे फुकटात कळतं. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या स्क्रीनवर जा आणि तसंच अर्धा-पाऊण तास राहू द्या. तिथे विंडोज चालूच नसतं. तिथेही रीस्टार्ट झालं तर दोष हार्डवेअरचा किंवा विजेचा. टिकलं तर मात्र हार्डवेअर निर्दोष सुटलं असं समजू नका, कारण बायोसमध्ये लोड फारसा नसतो.

मग बंद कसं होतं ते बघा. सिस्टिमच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडून ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढा. विंडोजच कोलमडत असेल तर आता निळी स्क्रीन थांबून राहील, तिच्यावरच्या कोडचा फोटो काढा. निळं काहीच न दिसता खट्कन काळं होत असेल तर पुढचं वाचा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल, ते बघून लगेच नवा एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आणू नका. मशीन नीट शटडाउन न होता गेलं, एवढाच त्याचा अर्थ. डिटेल्समध्ये ‘बगचेककोड’ शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन नोंदवायलाही वेळ मिळाला नाही.

आता प्लग काढून कॅबिनेट उघडा. धायरी-नऱ्हे बाजूला बांधकामांची धूळ किती असते ते तुम्हाला सांगायला नको. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ती नमद्यासारखी बसते, वरून पंखा फिरताना दिसतो आणि खाली हवाच जात नाही. पंखा बोटाने धरून ब्रशने साफ करा. इंटेलसोबत येणारा कूलर असेल तर चार कोपऱ्यांतल्या प्लास्टिकच्या पिना एकेक दाबून बघा. एक जरी वर आली असेल तर कूलर तिरका बसतो. काढलात तर खालची, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट खडूसारखी सुकलेली सापडेल. ती पुसून तांदळाच्या दोन दाण्यांएवढी नवी लावा. पण नुसतं तापून बंद पडलेलं मशीन बहुतेकदा बंदच राहतं. बंद पडल्या क्षणी स्वतःहून परत सुरू होत असेल तर माझा संशय एसएमपीएसवर आणि रीसेटच्या बटणावर जास्त.

या बटणाकडे कुणीच बघत नाही. मागच्या पावसाळ्यात ओळखीच्या एका काकूंच्या मशीनची रॅम बदलून झाली, एसएमपीएस बदलून झाला, रीस्टार्ट थांबेना. शेवटी मदरबोर्डवरून रीसेटच्या दोन वायरींचा छोटा कनेक्टर उपसला आणि मशीन दिवसभर चाललं. दमटपणाने बटणाचे आतले पत्रे गंजून एकमेकांना चिकटत होते. खर्च शून्य, पण त्याआधी काकूंचे किती पैसे गेले होते! कॅबिनेट उघडल्यावर तुम्ही हे सगळ्यात आधी करा.

रॅम काढून सोनेरी पट्टी साध्या खोडरबरने पुसा, दोन असतील तर एकेक लावून चालवा.

एसएमपीएसच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत मशीन चालू असताना ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. क्षणभराचा झोल मल्टिमीटर पकडत नाही, म्हणून ओळखीच्या कुणाचा चांगला एसएमपीएस एक दिवस लावून बघणं हीच खरी परीक्षा. जुना मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. नवा घ्यायची वेळ आलीच तर कॉम्प्युटरच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जा, पण पक्कं बिल आणि वॉरंटी असलेलाच घ्या. स्वस्तातल्या बिनब्रँड डब्यावरच्या वॉटच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. घरी यूपीएस असेल तर एक दिवस मशीन थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवा. बॅटरी मेलेली असेल तर लाइट नुसती लुकलुकली तरी मशीन जातं.

बायोसमध्ये किती मिनिटं टिकलं, बगचेककोड काय आहे आणि रीसेटची वायर काढल्यावर काय झालं, एवढं कळवा. पुढचं त्यावरून सांगतो.