एमएम ५४० मध्ये दुसरं इंजिन टाकताना

जीप महिंद्राची एमएम ५४० आहे ना, मग मूळचं २११२ सीसीचं प्युजो डिझेलच शोध. टर्बो, कॉमनरेल वगैरे नव्या प्रकारची डिझेल इंजिनं पुढे कधीतरी. वेगळं इंजिन घेतलंस की सगळंच जुळवत बसावं लागतं: माउंटिंग, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कव्हर), पुढच्या डिफरन्शियलला टेकणारा संप (इंजिनखालची तेलाची टाकी)... जीप महिनोन्महिने गॅरेजात, आणि तू ओला टॅक्सीने.

कुर्ल्याच्या बाजारात जुनं इंजिन बघायला गेलास की आधी ब्लॉकला हात लाव. तू यायच्या आधीच गरम? म्हणजे थंड असताना सुरू व्हायला कुरकुरत असेल ते लपवलंय. मग थंड होईस्तोवर चहा पी आणि डोळ्यांदेखत स्टार्ट करायला लाव. चालू इंजिनावर तेलाचं झाकण काढ. भसाभस धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात; घासाघीस नको, सरळ पुढचं दुकान.

इंजिन खाली असतानाच हे उरकून घे:
- क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग
- क्रँकचं मागचं ऑइल सील (दीडदमडीची वस्तू, पण नंतर बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो)
- रेडिएटर रॉडिंग (आतल्या नळ्या सळईने साफ करणं), नाहीतर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा लालवर

नवखे फसतात ते कागदांत. इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल घे. काम सुरू करण्याआधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नवा नंबर. ठाण्याची नोंदणी असेल तर ठाणे, एमएच ४३, म्हणजे नवी मुंबईची असेल तर वाशी. विमा कंपनीलाही कळव.

पहिला स्टार्टर मारताना स्टॉप केबल (इंजिन बंद करायची) ओढून धर, म्हणजे इंजिन सुरू न होता नुसतं फिरेल. ऑइल प्रेशर दिसलं की सोड.