आधी बोट कुठे उभी राहणार ते ठरवा, मार्ग नंतर

प्रश्न नीट वाचला. तुम्ही दोघं पन्नाशी ओलांडलेली, चाळीस फुटी शिडाची बोट तयार, मुलगी कॉलेजात, आई ऐंशीच्या घरात. बायकोला दिवसाचं सेलिंग आवडतं, रात्रीचा समुद्र नको वाटतो. आणि तुमच्या मनात आहे घर विकून तीन-चार वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा. समुद्र आणि संसार एकदम कसे सांभाळायचे, असं विचारलंय.

एकदम नाही सांभाळता येत. आळीपाळीने येतात. घरदार असलेले जे लोक लांब पल्ल्याच्या सेलिंगमध्ये वर्षानुवर्षं टिकलेले मी पाहिलेत, ते बहुतेक सगळे हंगामी आहेत. काही महिने पाण्यावर, काही महिने घरी. म्हणून नकाशावर रेघा ओढायच्या आधी एवढं सोडवा: तुम्ही घरी असाल तेव्हा बोट कुठे असेल?

यात हवामान तुमच्या बाजूने आहे. अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, दक्षिण पॅसिफिकमध्ये साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. या काळात त्या भागात फिरायचं नसतंच, मग घरी का जाऊ नये? फक्त जागा डोळसपणे निवडा. कॅरिबियनमधला ग्रेनाडा १२ अंश उत्तरेला आहे, तिथवर वादळ उतरत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. २००४ साली आयव्हन हे चक्रीवादळ तिथेच धडकलं होतं. २०२४ मध्ये १ जुलैला, म्हणजे हंगाम जेमतेम सुरू झालेला असताना, बेरिल वादळाने त्याच देशातल्या कॅरिआकू बेटाची धूळधाण केली. फिजीत काही बोटी जमिनीत खणलेल्या खड्ड्यात कील (बोटीच्या तळाचा खाली आलेला जड भाग) उतरवून, हल म्हणजे बोटीचं अंग टायरांवर टेकवून ठेवतात. वाऱ्याने आडवी पडायची भीती त्याने बरीच कमी होते. विम्याच्या कागदात हंगामात बोट कुठल्या अक्षांशाच्या पलीकडे हवी ते बहुधा लिहिलेलं असतं. ते आधी वाचा, यार्डात, म्हणजे बोट जमिनीवर चढवून ठेवतात तिथे, जागा मग धरा.

कागदांचं आणखी एक. माणसाचे दिवस वेगळे मोजतात आणि बोटीचे वेगळे. शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) बाहेरच्या माणसाला कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, पण त्याची बाहेर नोंदलेली बोट कर न भरता युरोपीय संघात १८ महिने राहू शकते. भूमध्य समुद्रात हंगामी राहणाऱ्यांना हा फरक फार सोयीचा पडतो.

बोट बंद करणं हे मात्र दोन दिवसांत उरकायचं काम नाही. आठवडा धरा. शिडं उतरवून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून आत. हॅलयार्ड, म्हणजे शिडं वर चढवायचे दोर, डोलकाठीतून ओढून काढायचे आणि त्यांच्या जागी बारीक दोरी सोडायची, म्हणजे सहा महिन्यांचं ऊन स्वस्त दोरी खाईल, महाग नाही. वॉटरमेकरमध्ये (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) ते खराब होऊ न देणारं द्रावण भरायचं, इंजिनातून गोडं पाणी फिरवायचं. बाहेर उघडणाऱ्या प्रत्येक भोकावर जाळी, नाहीतर कुंभारमाश्या मातीची घरं बांधून मोकळ्या होतात. आणि काय काय बंद केलं त्याची यादी जिन्याच्या फळीवर चिकटवा. परत आल्यावर त्यातलं निम्मं आठवत नाही.

आता आई. हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात अवघड भाग आहे आणि तुम्ही तो एका वाक्यात उरकलाय. पाच नॉटचा (तासाला पाच सागरी मैल) वेग म्हणजे दिवसाला १२० सागरी मैल. कॅनरी बेटांवरून कॅरिबियन साधारण २,७०० मैल, म्हणजे तीन आठवडे. पॅसिफिकमध्ये गॅलापागोस बेटांवरून मार्केसास बेटं सुमारे ३,०००. वारा पाठीमागून येत असतो, त्यामुळे आठवड्याभराने फोन आला तरी मागे फिरणं जवळजवळ अशक्य; पुढेच जावं लागतं. तेव्हा असे टप्पे आईची तब्येत बरी असताना, भावंडांशी बोलूनच घ्या. दवाखान्यात धावणार कोण, सही कोणाची, खर्च कुठून, हे कागदावर असू द्या. आणि एक प्रश्न मोकळेपणाने विचारून ठेवा: मी भर समुद्रात असताना वाईट बातमी आली, तर कळवायची की किनारा लागेपर्यंत थांबायचं? हल्ली बोटीवर उपग्रहाचं इंटरनेट असतं, त्यामुळे कळवणं सोपं झालंय, पण ते ऐकून रात्रीचा पहारा करणारा माणूस एकटा असतो. घराघरात याचं उत्तर वेगळं असतं. आईलाही विचारा, तिचं मत बहुधा सगळ्यात स्पष्ट असेल.

इथे कोणीतरी फ्रेंच दर्यावर्दी मोइतेसिएचा दाखला देईलच. १९६८-६९ च्या एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत तो चांगल्या स्थितीत होता, पण केप ऑफ गुड होपपाशी एका जहाजावर बेचकीने चिठ्ठी भिरकावून शर्यत सोडल्याचं कळवलं आणि ताहितीकडे निघून गेला. दर्यावर्दी म्हणून मलाही तो थोर वाटतो. पण घरी त्याची बायको वाट पाहत होती, आणि तिच्या बाजूने ही गोष्ट कोणी रंगवून सांगत नाही.

बायकोबद्दल. वर्षातल्या बहुतेक रात्री नांगरावर किंवा मरीनातच जातात. महासागर ओलांडण्याचे आठवडे थोडे. तेवढ्यापुरते एकदोन अनुभवी सोबती घ्या आणि बायकोला विमानाने पुढे येऊ द्या. यात कमीपणा कसला? तिसरा माणूस असला की तुम्हालाही सलग सहा तास झोप मिळते, जी दोघांच्या पहाऱ्यात स्वप्नवत असते. शिवाय रात्रीची भीती पुष्कळदा अंधाराची नसतेच, ‘हा पाण्यात पडला तर मी काय करू’ याची असते. तर किनाऱ्याजवळ, दिवसाउजेडी, पूर्ण बोट त्यांच्या हाती द्या. शिडं उतरवणं, इंजिन चालू करणं, रेडिओवर मदत मागणं, माणूस पडलाय असं समजून पाण्यात टाकलेला फेंडर (बोटीच्या कडेला बांधायचा फुगा) परत उचलणं. तुम्ही गप्प बसायचं. हे शेवटचं बऱ्याच नवऱ्यांना जमत नाही.

मुलीला सुट्टीत बोलवाल तेव्हा तिला एकतर जागा ठरवून द्या, नाहीतर तारीख, दोन्ही नको. दोन्ही लागणारच असतील तर बोट आठवडाभर आधी विमानतळाच्या गावी नेऊन ठेवा. तिकिटाची तारीख गाठायला खराब हवेत बाहेर पडणं हे लोकांच्या अपघातांमागचं नेहमीचं कारण आहे.

घर इतक्यात विकू नका. पहिले दोन हंगाम भाड्याने द्या, एक खोली कुलूप लावून स्वतःकडे ठेवा, विश्वासातल्या माणसाला कुलमुखत्यारपत्र करून द्या. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी बोट यार्डात चढवली की मग दोघं बसून विकण्याचं बोला, आणि बायकोचं मत आधी ऐका.