१० मीटर एअर रायफलसाठी साठ हजारांचा रडार क्रोनोग्राफ घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की मुलगा १० मीटर एअर रायफल मारतो, स्कोअर ६१५ च्या आसपास अडकलाय, रेंजवर कुणीतरी डोक्यात घातलंय की गोळीचा वेग मोजल्याशिवाय पुढं जाता येत नाही, तर तो गार्मिनचा रडारवाला क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचं यंत्र, घ्यावा का. सरळ सांगतो, नको. स्कोअर वाढावा म्हणून घेणार असाल तर अजिबात नको. पण वेग मोजूच नका असं मी म्हणत नाही. या दोन गोष्टींवरून आमच्या रेंजवर माझं बरंच वाजलंय, म्हणून जरा लांबण लागेल.

आधी हिशोब बघा. मॅच रायफलीतून, म्हणजे स्पर्धेच्या रायफलीतून, गोळी साधारण १७० मीटर प्रति सेकंद वेगानं निघते आणि १० मीटरवर पोचेपर्यंत १७-१८ मिलिमीटर खाली येते. साइट लावताना आपण ते भरून काढतो म्हणून कुणाच्या ध्यानात राहत नाही. वेग १ मीटरनं वाढला की गोळी ०.२ मिलिमीटर वर लागते. डेसिमलमध्ये, म्हणजे दशांशात गुण धरतात तेव्हा, अगदी मध्याला १०.९ मिळतात आणि ०.१ पॉइंट म्हणजे पाव मिलिमीटर. चांगल्या रायफलीत दहा गोळ्यांमध्ये दोन-तीन मीटरचा फरक असतोच, आणि साठ गोळ्यांत ६१५ म्हणजे सरासरी १०.२५, म्हणजे तुमच्या मुलाची गोळी मध्यापासून पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास लागतेय. ते त्याच्या होल्डचं, म्हणजे रायफल स्थिर धरण्याचं, आणि ट्रिगरचं काम आहे. तिथं वेगातले दोन मीटर शोधत बसून काही हाती लागणार नाही.

आता दुसरी बाजू, आणि ही माझ्या घरात घडलेली आहे.

माझी मुलगी एअर रायफल मारते. रायफल एका सीनियरकडून सेकंडहँड घेतली, पतसंस्थेचं कर्ज काढून. प्रॅक्टिसला पोरगी व्यवस्थित मारायची आणि मॅचला मधूनच एखादा ९.८, ९.९ जायचा, आणि तो कायम वर, बारा वाजता. तिच्या सरांनी सांगून टाकलं की ही प्रेशर घेते, मन कमकुवत आहे. मग सुरू झालं, ध्यान कर, मोबाइल बंद कर, मॅचच्या आधी कुणाशी बोलू नको, समुपदेशन पण झालं. पोरगी गप्प गप्प राहायला लागली. घरी आली की एकच वाक्य, "पप्पा, माझा कॉल बरोबर होता." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शॉट सुटला की स्क्रीन बघायच्या आत नेमबाजाला कळतं गोळी कुठं गेली असेल, त्याला कॉल म्हणतात. तिचा कॉल १०.५ मध्यात आणि स्क्रीनवर ९.८ वर. हे सरांना सांगितलं तर म्हणाले, सगळेच असं म्हणतात.

मी इचलकरंजीला एअरजेट मागांच्या मेंटेनन्सला आहे. दाबाची हवा, रेग्युलेटर, व्हॉल्व्ह, सील हेच माझं रोजचं काम. मी तिच्या मॅचचे प्रिंट काढून शॉटच्या वेळा बघत बसलो तर वर गेलेले शॉट बहुतेक सगळे थांबल्यानंतरचे होते. दहा गोळ्यांच्या सिरीजचा पहिला, नाहीतर दोन-तीनदा रायफल खाली घेऊन, श्वास घेऊन, मग मारलेला. पटपट मारलेल्यातला एकही असा नाही. प्रॅक्टिसमध्ये ती थांबतच नाही, लयीत मारते, म्हणून तिथं दिसत नव्हतं. माग बंद ठेवला आणि रेग्युलेटरची सीट, म्हणजे हवा अडवणारी बैठक, नीट बसत नसली की पुढचा दाब हळूहळू चढत राहतो, हे मी रोज बघतो. रायफलीच्या सिलिंडरात २०० बार दाब असतो, रेग्युलेटर तो खाली आणून ठरलेल्या दाबाची हवा पुढच्या चेंबरला देतो. सीट गळत असेल तर थांबल्यावर चेंबरमधला दाब ठरल्यापेक्षा वर जातो आणि पुढची गोळी जोरात सुटते.

रायफल दुरुस्तीवाल्याकडं नेली. त्यानं खटाखट गोळ्या मारून बघितल्या आणि ओके म्हणून परत दिली. अहो, दोष थांबल्यावर दिसतोय आणि तुम्ही न थांबता मारून बघताय! ऐकून घ्यायला कुणी तयार नाही. मग ओळखीच्या एका काकांकडून त्यांचा जुना, दोन खिडक्यांचा ऑप्टिकल क्रोनोग्राफ मागून आणला. साधा, स्वस्तातला. ट्यूबलाइटखाली तो काहीही आकडे दाखवतो, त्या लाइटच्या लुकलुकण्यानं सेन्सर फसतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या शेडमध्ये मोठं दार उघडून उजेडात मांडला, मागं गोळ्या अडवायला पेलेट ट्रॅप. लयीत मारल्यावर १७१, १७२, १७१. मग पाच मिनिटं रायफल तशीच ठेवून एक गोळी, १७९. परत लयीत, १७१. परत थांबून, १८०. पोरगी तिथं उभी राहून वहीत आकडे लिहीत होती आणि लिहिता लिहिता रडायला लागली.

आठ मीटरचा फरक म्हणजे गोळी दीड मिलिमीटरच्या वर वर जाणार, म्हणजे सहा दशांश पॉइंट गेले. मन कमकुवत म्हणे!

वही घेऊन परत दुरुस्तीवाल्याकडं गेलो, रेग्युलेटर समोर खोलायला लावला. सीटवर बारीक चर पडलेली होती आणि आत ओलसर काजळी. रेंजवरच्या कॉम्प्रेसरला ओलावा पकडणारा फिल्टर नव्हता, तीच हवा सगळ्या पोरांच्या सिलिंडरात जात होती. सीट आणि सील बदलले, त्याला लागलेले पैसे क्रोनोग्राफच्या किमतीपुढं काहीच नाहीत. नंतर पाच मिनिटं थांबून मारलं तरी दोन मीटरच्या आत. कॉल आणि शॉट जुळायला लागले, ती बोलायला लागली. सरांना वही दाखवली तर म्हणाले, "असेल, पण मेंटल पण असतंच." आजतागायत त्यांनी तिला त्या विषयावर एक शब्द म्हटलेला नाही.

तर माझं म्हणणं हे आहे. वेग मोजायचा तो रायफल तपासायला, पोरगा तपासायला नाही, आणि त्यासाठी साठ हजार लागत नाहीत. गार्मिनचा झीरो सी-वन प्रो यंत्र म्हणून चांगलाच आहे, बाजूला ठेवायचा आणि मारायचं, उजेडाची कटकट नाही, नळीला काही लटकवायचं नाही. अमेरिकेत तो सहाशे डॉलरच्या आसपास मिळतो, आपल्याकडं येईपर्यंत ड्यूटी धरून तुम्ही म्हणताय तिथं जातो. पण तुम्हाला बघायचाय फक्त फरक, या गोळीत आणि त्या गोळीत. स्वस्त यंत्र १७१ ला १७४ दाखवत असेल तरी चालतं, दर वेळी तेवढंच चुकत असलं म्हणजे झालं. नळीच्या तोंडाला लावायचे छोटे क्रोनोग्राफ काही हजारांत मिळतात, ते फक्त सरळ बसलेत का बघा, गोळी आत घासली तर यंत्र पण जाईल आणि ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा एका जागी पडणारा घोळका, पण बिघडेल. पाच गोळ्या मारून निष्कर्ष काढू नका. लयीत वीस आणि थांबून थांबून दहा तरी मारा, आणि सिलिंडर भरलेलं असताना एकदा, उतरत आल्यावर एकदा.

त्याहून बरं म्हणजे रेंजवरच्या दहा पालकांनी मिळून एक घ्या, मग रडारवाला घेतलात तरी माझी हरकत नाही. हे मी आमच्याकडं सुचवलं होतं. एका पालकांनी त्याऐवजी स्वतःचा घेतला आणि आता दर रविवारी मुलाच्या प्रत्येक शॉटनंतर आकडा वाचून दाखवतात, पोरगं निशाणा सोडून बापाच्या तोंडाकडं बघतं. हे करू नका. त्या साठ हजारांत वर्षभराच्या मॅच पेलेट्स, म्हणजे एअर रायफलच्या गोळ्या, येतात. वेगवेगळ्या बॅचच्या पेलेट्स आणून रायफल क्लँपला लावून ग्रुप बघितला तर स्कोअरमध्ये जो फरक पडेल तो कुठल्याच क्रोनोग्राफनं पडणार नाही, कारण वेग एकसारखा असला म्हणजे ग्रुप लहान येतो असं नसतं. आमच्या रायफलीला सगळ्यात एकसारखा वेग देणारी पेलेट ग्रुपमध्ये तिसरी आली होती.

स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतल्यापासून आमच्या कोल्हापूर भागात रेंजवर पोरांची गर्दी आहे, चांगलंच आहे, पण त्याबरोबर पालकांना काय काय विकत घ्यायला लावतात ते बघवत नाही. आणि त्याचा इव्हेंट ५० मीटरचा, पॉइंट टू-टू काडतुसांचा. तिथं गणित वेगळं आहे, गोळी जास्त वेळ हवेत असते, काडतुसांच्या लॉटनुसार वेग बदलतो, तिथं मोजण्याला जास्त अर्थ आहे. मी वर लिहिलं ते फक्त १० मीटरचं.

अजून एक, मॅच रायफल सोडून कुणी जोरदार पीसीपी (आधीच दाबाची हवा भरून ठेवलेली रायफल) ट्यून करत असेल तर त्यानं मोजायलाच पाहिजे. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणं २० ज्यूलच्या वर किंवा पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंचापेक्षा मोठी नळी असली की लायसन्स लागतं. आपल्या मॅच रायफली आठ ज्यूलच्या आसपास असतात, तुम्हाला ती काळजी नाही. आणि मुलाची रायफल स्प्रिंगची असेल तर हे रेग्युलेटर पुराण सोडून द्या, तिथं स्प्रिंग आणि पिस्टनचं सील बघायचं.

तुम्ही दोन गोष्टी लिहून कळवा. मुलाचे खराब शॉट सगळीकडं विखुरलेले असतात का एकाच बाजूला, आणि थांबल्यानंतर जास्त जातात का. सगळीकडं असतील तर पैसे ठेवून द्या आणि त्याला होल्डवर काम करू द्या. एकाच बाजूला वर आणि थांबल्यानंतर असतील तर आधी सिलिंडरवरची तारीख बघा, बहुतेक कंपन्या १० वर्षांनी बदला म्हणतात, आणि तुमच्या रेंजच्या कॉम्प्रेसरला फिल्टर आहे का ते विचारा. नसेल तर रेग्युलेटर खोलून बघायला सांगा, आणि तोपर्यंत पोराला काही बोलू नका.