किट नंतर, आधी कॅलेंडर बघ

अगं, पाळीच्या तारखेला अजून चार दिवस आहेत आणि तू प्रेग्नन्सी टेस्टची दोन किट वाया घालवून बसलीस पण! आता तिसरं आणू नकोस. कसं असतं ना, बीज बाहेर पडल्यावर गर्भ पिशवीत रुजायलाच साधारण 6 ते 12 दिवस जातात, तो रुजला की मग कुठे एचसीजी, म्हणजे किट लघवीत शोधतं ते गरोदरपणाचं हार्मोन, बनायला लागतं, आणि सुरुवातीला ते दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जातं, म्हणून आज निगेटिव्ह आलेली टेस्ट पुढच्या आठवड्यात पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यात किटचा काही दोष नसतो.

पाळी वेळेवर येत असेल तर तारीख चुकल्यावर कर. अजून आठवडाभर दम धरलास तर फारच चांगलं, मग निगेटिव्हवरही विश्वास ठेवता येतो. पीसीओडी असेल किंवा मध्ये इमर्जन्सी गोळी घेतली असशील तर तारखेचा काही भरवसा नाही, अशा वेळी शेवटच्या संबंधांपासून 21 दिवस मोजायचे.

सकाळची पहिली लघवी कोरड्या स्वच्छ डबीत घे, त्याआधी तांब्याभर पाणी ढोसू नकोस, पातळ होते. ड्रॉपरने पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब टाक आणि 5 मिनिटांत बघ. सी (कंट्रोल) ची रेघ आलीच नाही तर ते किट बाद. टी (टेस्ट) ची गुलाबी रेघ फिकट आली तरी पॉझिटिव्हच धर, 'थोडीशी प्रेग्नंट' असं काही नसतं. आणि तासाभराने कचऱ्यातून काढून परत बघायचं नाही हां, वाळल्यावर करडी रेघ उमटते आणि उगाच जीव टांगणीला.

मेडिकलवाल्याच्या नजरेची भीती वाटत असेल तर आशाताईंकडे सरकारी 'निश्चय' टेस्ट किट मिळतं का विचार, पण गावात आशाताई तुझ्या आईची मैत्रीण असेल तर मेडिकलच बरं!

निगेटिव्ह येऊनही पाळी आली नाही तर आठवड्याने परत कर, तरी नाही आली तर डॉक्टरकडे जा, त्या रक्तातली बीटा एचसीजी टेस्ट करायला सांगतील. पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली तर मात्र टेस्टबिस्ट राहू दे, थेट हॉस्पिटल गाठ, गर्भ नळीत अडकलेला असू शकतो.

आणि शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली ती तारीख आत्ताच मोबाईलमध्ये टाकून ठेव, डॉक्टर पहिलं तेच विचारतात, आठवडे तिथूनच मोजतात.